न बोललेली ओळ

प्रिय वहिनी,

‘मग ती का नाही शिकली?’ हा प्रश्न गेल्या महिन्यात एका बाईंनी मला जिन्यात उभं करून विचारला, आणि मला उत्तर देता आलं नाही. ‘ती’ म्हणजे तू. तुला हसू येईल, कारण ‘हिला काही विचारू नका, ही सांगेल,’ हे वाक्य तुझंच. पण त्या दिवशी मी कठड्याला धरून नुसती उभी राहिले. तोंडाशी चार कारणं आली: तुझं लग्न, तुझ्या लेकीचा, चिमणीचा जन्म, आईचे गुडघे, दादाचं दुकान. चारही खरी होती आणि तरी एकही मला पुरेसं वाटेना. आपण दोघी एकाच वर्षी बारावी झालो. त्याच वर्षी तू आपल्या घरात आलीस आणि मी कॉलेजात गेले. आणि गुण तुला जास्त होते. रसायनशास्त्रात तर इतके जास्त, की स्थळ घेऊन आलेल्या मावशींनी ते आईपासून लपवून ठेवले होते, मुलगी फार हुशार आहे म्हणून आई बिचकेल या भीतीने.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आपला फोन कसा असतो ते तुला माहीत आहे. तू कुकरच्या शिट्ट्या मोजत असतेस, चिमणी मध्येच घुसून मला मांजराचा आवाज काढून दाखवते, आणि आई पलीकडून ‘स्पीकरवर टाक, मलाही ऐकू दे’ म्हणते. स्पीकरवर टाकलं की मला तुला ‘तुम्ही’ म्हणावं लागतं. वयाने बरोबरीची असलीस तरी थोरल्या भावाची बायको, म्हणून चारचौघांत ‘तुम्ही’ आणि ओट्याशी ‘तू’, हा आपला करार. ‘तुम्ही कशा आहात, वहिनी’ असं विचारून कुणाला मनातलं सांगता येतं? म्हणून हे पत्र. सावकाश वाच. शक्य झालं तर माळ्यावर जाऊन वाच.

माझं काम नेमकं काय, हे मी घरी कधी धड सांगितलंच नाही. आई शेजारणींना ‘मुलगी मंत्र्यांना लिहून देते’ म्हणून सांगते, आणि त्यापायी मागे कोपऱ्यावरच्या न्हाव्याने भाच्याच्या बदलीचा अर्ज माझ्याकडे पाठवला होता. मी मंत्र्यांना काही लिहून देत नाही. सभागृहात आमदार जे बोलतात ते मी शब्दन् शब्द उतरवून घेते. प्रतिवेदक म्हणतात आम्हाला. अध्यक्षांच्या आसनाखाली आमचं एक बसकं टेबल आहे. तिथे प्रत्येकाने दहा मिनिटं बसायचं. दहा मिनिटं झाली की मागून पुढचा येतो, खांद्याला हलकं बोट लावतो, आणि आपण वाक्य संपेल तिथे उठून मागच्या दाराने बाहेर पडायचं. मग खाली टंकनाच्या खोलीत बसून ती दहा मिनिटं साफ उतरवायची, तोवर पुन्हा आपली फेरी आलेली असते. त्यामुळे गंमत अशी होते की सगळ्या चर्चा ज्यांच्या हातून जातात त्या आम्हाला एकही भाषण पुरतं ऐकायला मिळत नाही. ‘म्हणूनच मी या सभागृहाला विचारतो’ इथे मी उठते, आणि काय विचारलं ते मला दुसऱ्या दिवशी छापील पानावर कळतं. तुला रोज मध्यंतराला सिनेमातून उठवलं तर तू डोअरकीपरशी भांडशील. मी त्याचा पगार घेते.

हे काम मला कुणी शिकवलं, ते मात्र मी इथे सगळ्यांना सांगत असते. लघुलेखनाच्या क्लासमधल्या सरांनी खुणा शिकवल्या. वेग तू दिलास. संध्याकाळी ओट्याशी तू, उंबऱ्यात मी, मांडीवर वही. दादाच्या पंप-पंखे दुरुस्तीच्या दुकानात सुटे भाग ज्यात गुंडाळून यायचे ती चुरगळलेली वर्तमानपत्रं तू ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवायचीस आणि कांदा चिरता चिरता मोठ्याने वाचायचीस. आधी हळू, मग भरभर, मग श्वास न घेता. कुठल्याशा पुलाची बातमी, कुठल्याशा मंत्र्याचं भाषण, आणि प्रत्येक आश्वासनानंतर तुझं स्वतःचं ‘हो का, महाराज!’ सरांनी मला बजावलं होतं की कानावर पडेल ते लिहायचं, विचार करायचा नाही. म्हणून मी तेही लिहायची. एकदा वही वाचून दाखवताना ‘सरकार या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहत असून अगं बाई खाली लागलं’ असं निघालं, आणि आपण इतक्या हसलो की आई उठून आली. ‘अभ्यास चाललाय की तमाशा?’ ती म्हणाली. ‘दोन्ही, सासूबाई,’ तू तोंडावर हात धरून म्हणालीस. त्या वर्षी चिमणी तुझ्या कडेवर असायची. वेग वाढला तसा तुझा आवाज बसायला लागला. तू घोटभर कोमट पाणी प्यायचीस आणि पुन्हा त्याच ओळीपासून सुरू करायचीस. कॉलेजच्या परीक्षेआधी वर्तमानपत्राच्या जागी माझी पुस्तकं टेकलेली असायची, पदवी मिळाली ती त्यावरच. नोकरीच्या परीक्षेत मजकूर सांगणाऱ्या गृहस्थांचा आवाज मला इतका परका वाटला की पहिल्या वाक्याला हातच चालेना. मग मी त्यांच्या शब्दांना मनातल्या मनात तुझा आवाज लावला, आणि लिहिलं.

आता त्या बाईंविषयी, ज्यांनी जिन्यात प्रश्न विचारला. त्या आमदार आहेत. पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या, आणि आवाज अजून तसाच आहे, मागच्या दारातल्या माणसाला हलवणारा. सभागृहात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘एकमिनिटबाई’ म्हणतात, कारण वेळ संपल्याची घंटा वाजली की ‘अजून एकच मिनिट, अध्यक्ष महाराज’ म्हणून त्या नवा मुद्दा काढतात. त्या विरोधी बाजूच्या, मागच्या बाकावरच्या. त्यांना बोलायची संधी बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर मिळते, तेव्हा निम्मी बाकं रिकामी असतात. नव्या प्रतिवेदकांच्या वाट्यालाही नेमक्या त्याच फेऱ्या येतात. म्हणून नोकरीला लागल्यापासून त्यांचे तुकडे सगळ्यात जास्त मी लिहून घेतले. त्यांचा विषय एकच, शिकायला निघालेलं पोर कुठे अडतं. शिकाऊ कामगारांना विद्यावेतन वर्ष संपल्यावर का मिळतं, ते वर्षभर काय हवा खातात? सार्वजनिक वाचनालय नेमकं कामावरची मुलं सुटायच्या वेळेलाच का बंद होतं? आकडा आला की त्या थांबतात, आमच्या टेबलाकडे बघतात आणि आकडा पुन्हा सांगतात. पहिल्या आठवड्यात माझी पेन्सिल मागे पडायची. मला वाटायचं त्या अध्यक्षांकडे बघतायत. मग लक्षात आलं, त्या माझ्या पेन्सिलीकडे बघत होत्या, आणि ती पोहोचेपर्यंत पुढचं वाक्य हातात धरून ठेवत होत्या. एकदा कँटीनमध्ये दुसऱ्या एका आमदाराने त्यांना विचारलं, ‘बाई, रिकाम्या बाकांपुढे इतकं घसा फोडून कशाला बोलता?’ त्या म्हणाल्या, ‘ती खाली बसलेली पोरगी लिहून घेतेय ना. ऐकणारा आज नाही आला, वाचणारा उद्या येईल.’ मी शेजारच्या टेबलावर चहा पीत होते. कप खाली ठेवायचंच विसरले.

मी ज्या वसतिगृहात राहत होते तिथलं फाटक आठला बंद व्हायचं, हे तुला सांगितलं होतं. संध्याकाळच्या वर्गाच्या मुली साडेआठला सुटायच्या, आणि रोज रखवालदारापुढे हात जोडायच्या. त्यावर बाई सभागृहात बोलल्या, तेव्हा टेबलावर मीच होते. ‘मुलींनी काय खिडकीतून आत यायचं का?’ त्यांनी विचारलं. मंत्री म्हणाले, ‘खिडक्यांना गज आहेत.’ सगळे हसले. ‘तेच म्हणतेय मी, अध्यक्ष महाराज,’ बाई म्हणाल्या, आणि माझ्या खांद्याला बोट लागलं. पुढे काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. काही आठवड्यांनी संध्याकाळी परत आले तर रखवालदार शिडीवर चढून पाटीवरचा आठ खोडून साडेनऊ रंगवत होता. ‘वरून आलंय,’ तो कुरकुरला, ‘आता माझ्या झोपेचं कोण बघणार?’ वर म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. तो अर्धा सिनेमा मला फाटकावर पुरा बघायला मिळाला.

गेल्या महिन्यात तरुणांच्या शिक्षणाचं आणि कामधंद्याच्या संधींचं मोठं विधेयक चर्चेला आलं. त्यात एक जुनाच नियम जसाच्या तसा उचलून ठेवला होता. शिक्षण सुटून पाच वर्षांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. खंड त्याहून कमी असेल तर मधल्या काळात काय केलं ते शपथेवर लिहून द्यायचं. तुला हा नियम माझ्याहून चांगला ठाऊक आहे. चिमणी शाळेत जायला लागली त्या वर्षी तू पहाटेच्या गाडीने एकटीच इकडच्या कॉलेजात येऊन प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेची चौकशी करून आली होतीस. रात्री जेवताना तू आम्हाला तिथल्या कारकुनाची नक्कल करून दाखवलीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून. ‘बाई, उशीर केलात. जरा आधी आला असतात तर मधल्या काळात काय केलं त्यापुढे “काही नाही” लिहिलं असतं, की झालं काम. सगळ्या बायका तेच लिहितात.’ दादाला ठसका लागेपर्यंत आम्ही हसलो. मग तू भांडी घासायला बसलीस आणि एकच पातेलं कितीतरी वेळ घासत राहिलीस. ते केव्हाच निघालं होतं. मी ते पाहिलं आणि ताटं पुसत राहिले. पुन्हा तो विषय तूही काढला नाहीस.

तर त्या नियमावर बाई बोलायला उभ्या राहिल्या, आणि टेबलावर माझी फेरी होती. ‘खंड म्हणजे काय, अध्यक्ष महाराज? रस्त्यात खड्डा पडतो तसं या बायकांच्या आयुष्यात काही नव्हतंच का त्या वर्षांत?’ मग त्यांनी त्यांच्याकडे आलेल्या बायकांची कामं सांगायला सुरुवात केली. एकीने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं केलं. एकीने नवऱ्याचं दुकान उभं केलं. एकीने दोन मुलं वाढवून धाकट्या दिराचं लग्न करून दिलं. त्या दिवशी त्या भरभर बोलत होत्या, श्वास न घेता, आणि तो वेग माझ्या ओळखीचा होता. माझी पेन्सिल चालत राहिली. बोट लागलं, मी उठले, खाली येऊन टंकलं, पान गेलं. रिवाज असा आहे की आम्ही उतरवलेलं पान त्या त्या आमदाराकडे जातं. जीभ घसरून एखादा शब्द चुकला असेल तर त्यांनी तो दुरुस्त करावा. मात्र जे बोललं नाही ते त्यात कुणीही घालू शकत नाही, आमदार नाही आणि आम्ही तर नाहीच नाही.

संध्याकाळी बाई स्वतः आमच्या खोलीत आल्या, हातात पान. आमचे मुख्य प्रतिवेदक समोरच बसले होते. त्यांना आम्ही ‘पूर्णविराम’ म्हणतो, कारण त्यांच्या बोलण्यापुढे कुणाचं वाक्य सुरू होत नाही. मागे एका मुलाच्या हातून ‘नाही’ हा एक शब्द सुटला तर पूर्णविरामांनी त्याला पत्रव्यवहाराच्या खात्यात पाठवून दिलं. आणि मी तर अजून नोकरीत कायमही झालेली नाही. बाईंनी खोलीभर नजर फिरवली, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, ‘या पोरीला दोन मिनिटं देता का? एका वाक्याचा अर्थ विचारायचाय.’ जिन्यात त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. यादीच्या शेवटी एक ओळ होती: ‘एकीने स्वयंपाक करता करता नणंदेला वाचून दाखवलं, आणि नणंद पदवीधर झाली.’ बाई म्हणाल्या, ‘हे मी बोलले नाही.’ वहिनी, मी ती ओळ पुन्हा वाचली, आणि मला खरोखर वाटत होतं की मी ती ऐकली. कानावर पडेल ते लिही, विचार करू नको. मी तेच केलं होतं. फक्त त्या क्षणी माझ्या कानात बोलत होतीस तू.

मी सगळं सांगून टाकलं. ओटा, वर्तमानपत्रं, कोमट पाणी, तो कारकून, ते पातेलं. बाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ‘गुण कुणाला जास्त?’ ‘तिला.’ ‘मग ती का नाही शिकली?’ मी कठडा धरला. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, जशी माझ्या पेन्सिलीची बघतात तशी. मग त्यांनी पेन काढला आणि ती ओळ खोडली. ‘वाक्य माझ्या सगळ्या भाषणाहून चांगलं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी बोलले नाही ते ठेवायचं नाही. आज माझ्या फायद्याचं घुसलं, उद्या दुसऱ्या कुणाच्या फायद्याचं घुसेल. मग वाचणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा?’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भीतीचं होतं की कशाचं ते मला अजून सांगता येत नाही. ‘आत साहेबांना तू सांगतेस की मी सांगू?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी सांगते.

पूर्णविरामांनी ऐकून घेतलं, पान पाहिलं, खोडलेली ओळ पाहिली. ‘कान शाबूत आहेत. मन जागेवर नाही. आठवडाभर टेबलावर बसायचं नाही, इथे पानं तपासायची.’ एवढंच. मी म्हटलं, सुटले. ते म्हणाले, ‘सुटलात असं मी म्हटलेलं नाही.’ शिक्षा म्हणून मला खाली बसवलं होतं, आणि खाली भिंतीवर एक ध्वनिक्षेपक आहे, त्यावर सभागृहातलं सगळं ऐकू येतं. फेऱ्या असताना तो कधी ऐकायला फुरसत नसते. दुसऱ्या दिवशी त्या नियमावर दुरुस्त्या मांडायच्या होत्या. बाई उभ्या राहिल्याचं कळलं, आणि माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत प्रथमच मी त्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणार आहे. माझ्या खांद्याला कुणी बोट लावणार नव्हतं.

‘अध्यक्ष महाराज,’ त्या म्हणाल्या, ‘काल मी काही बायकांची कामं सांगितली. त्यात एक सांगायची राहिली. तिचं नाव घेत नाही, कारण मी तिला विचारलेलं नाही.’ आणि मग त्यांनी तुझी गोष्ट सांगितली. बारावीचे गुण, त्याच वयाची नणंद, ओट्याशी उभं राहून केलेलं वाचन, बसलेला आवाज. ‘तिची नणंद आज त्या घरातली पहिली पदवीधर आहे. हेच काम एखादं कॉलेज करतं तेव्हा आपण त्याला अनुदान देतो. तिने केलं तेव्हा आपण त्याला खंड म्हणतो, आणि त्यापुढे “काही नाही” लिहायला लावतो.’ सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी ओरडलं, ‘बाई, सगळ्या नणंदा अशा शिकत नाहीत, काही नुसत्या भांडतात!’ हशा झाला. बाई हशा ओसरेपर्यंत थांबल्या. ‘म्हणून तर कायदा लागतो,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाला घरात चांगली वहिनी मिळेल, कुणाला चांगली नणंद मिळेल, या भरवशावर पोरांचं शिक्षण सोडता येत नाही. ज्यांना कुणीच मिळालं नाही त्यांचं काय?’ घंटा वाजली. ‘अजून एकच मिनिट.’ पुन्हा घंटा. त्या बोलत राहिल्या. मंत्री म्हणाले, तपासून पाहू. बाई म्हणाल्या, तपासा, पण तारीख सांगा, त्या पोरींचं वय तुमच्या तपासणीसाठी थांबत नाही. मग बराच वेळ नुसती कुजबुज ऐकू आली, मागे बसलेल्या अधिकाऱ्यांची असावी. आणि मग मंत्र्यांनी दुरुस्ती स्वीकारली. पाच वर्षांची अट गेली. शपथेचा मजकूर गेला. मधल्या काळात काय केलं हे आता ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहायचं, आणि ते प्रवेशाच्या आड येणार नाही. याच वर्षापासून. मतदान घेतलं तेव्हा ‘हो’ म्हणणाऱ्यांचा आवाज ध्वनिक्षेपकातून एखादं शटर वर सरकावं तसा आला. समोरच्या टेबलावरची मुलगी मला विचारत होती, ‘अगं, तुला काय झालं?’

थोड्या वेळाने पूर्णविराम माझ्यापाशी आले आणि त्यांनी एक पान माझ्यापुढे ठेवलं. तीच दहा मिनिटं, एका जुन्या प्रतिवेदकाने उतरवलेली. ‘तपासा,’ ते म्हणाले. ‘एक शब्दसुद्धा बदलू नका.’ मी तपासलं. एकही चूक नव्हती. तू आता त्या पानावर आहेस, वहिनी, नावाशिवाय, पण खरी, दुसऱ्याच्या हाताने लिहिलेली आणि बोलणारीच्या तोंडून आलेली. तुला न विचारता तुझी गोष्ट मी जिन्यात सांगितली, याबद्दल माझ्यावर चिडायचं असेल तर चीड. संध्याकाळी मी बाईंचे आभार मानायला गेले. त्या कँटीनमध्ये चहात पाव बुडवून खात होत्या. म्हणाल्या, ‘माझे कशाला? मी कायदा सरळ केला. पण कायद्याने कुणाचा स्वयंपाक होत नाही, पोरगी शाळेतून घरी येत नाही. ते तुझ्याकडे.’ आणि पाव चहात पडला म्हणून त्यांनी स्वतःलाच एक शिवी दिली, ती मी उतरवून घेतलेली नाही.

ते माझ्याकडे, हे मला पटलं. म्हणून मी आधी दादाला फोन केला, घरी नाही, दुकानात. तुला आधी विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण तू लगेच ‘छे, काहीतरीच’ म्हणाली असतीस आणि दादाच्या जेवणाचं कारण सांगितलं असतंस. म्हणून म्हटलं, आधी कारणच काढून घ्यावं. तू चिमणीला घेऊन इकडे माझ्याकडे राहायचं आणि पदविका करायची, हे मी सांगत असताना तार गुंडाळायच्या यंत्राचा आवाज बंद झाला.  मग दादा म्हणाला, ‘मला स्वयंपाक येत नाही.’ मी म्हटलं, ‘शीक. खंडाची अट गेली.’ तो हसला, आणि मग हळूच म्हणाला, ‘ते कारकुनाचं तिने सांगितलं तेव्हा मी उगाच हसलो गं.’ आईला त्यानेच सांगितलं. आईचं म्हणणं असं, की चिमणीला तिकडे नेणार असाल तर दर महिन्याला आठ दिवस मीही येणार, आणि येताना माझी उशी घेऊन येणार. याला मी होकार धरला आहे. तुझा प्रवेशाचा अर्ज मात्र मी आणलेला नाही, भरलेला तर नाहीच. जे कुणी बोललं नाही ते त्याच्या नावावर पुन्हा लिहायचं नाही, एवढं मी शिकले. यायचं की नाही ते तू ठरव. प्रवेश महिनाअखेरपर्यंत आहेत. आलीस तर मधल्या काळात काय केलं तेही तूच लिही, आणि जागा पुरली नाही तर पुरवणी जोड. माझा वाटा मात्र मी उरकला आहे. शनिवारी वसतिगृहातली कॉट सोडली. कॉलेजपासून चालत जाता येईल अशा, एका बुकबाइंडरच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या. खाली दिवसभर खळीचा वास येतो, पण खिडकी पूर्वेला आहे, आणि चिमणीसाठी शाळा त्याच रस्त्यावर आहे. खिडकीशी टेबल लावलं आणि त्याला खुर्च्या दोन आणल्या. संध्याकाळी मी स्वयंपाक करता करता तुला मोठ्याने वाचून दाखवीन. खाली लागलं तर लागू दे. ओट्यावर भिंतीशी टेकवायला जुनी वर्तमानपत्रंही बुकबाइंडरकडून आणून ठेवली आहेत.

चारचौघांत तुमची आणि ओट्याशी तुझीच,
नणंद